जागा धरणारी

दसरा उलटला की आमच्या हर्सूलच्या घरात दुपारचं ऊन चपला काढून आत येतं. एरवी ते ओट्यापाशीच थांबतं. कार्तिकात सूर्य कलतो आणि चारच्या सुमाराला खिडकीतून आलेला उजेडाचा पट्टा ओटा ओलांडून, फरशीवरून सरकत, समोरच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीपर्यंत जातो. काल मी चहाचं आधण ठेवलं होतं. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी गॅसकडं पाठ करून त्या पट्ट्यात उभी आहे. मान थोडी डावीकडं, हनुवटी किंचित खाली, ऊन उजव्या गालावर. मला कुणी असं उभं राहायला सांगितलं नव्हतं. काही गोष्टी अंगाला आपल्याआधी आठवतात.

"काय जळालं गं?" आईनं आतल्या खोलीतून विचारलं. काल सकाळीच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसतं, त्यामुळं काल दिवसभर तिनं नाकानं आणि कानानं घर चालवलं.

"काही नाही. चहा उतू गेला."

"सपनात हुबी व्हतीस व्हय?"

होय म्हणाले नाही, पण होतेच. गव्हाच्या कोठीत ठेवलेल्या सीताफळांचा वास घरभर सुटला होता. हा वास आणि हे ऊन दरवर्षी बरोबरच येतात, आणि दरवर्षी मला एका जुन्या हंगामात नेऊन सोडतात. मीही फारशी कुरकुर न करता जाते.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते आणि मला नटी व्हायचं होतं. आता मी सातवी-आठवीला मराठी शिकवते आणि वर्गात कुणी खिडकीबाहेर बघत बसलं तर खडूचा तुकडा फेकते. पण तेव्हा मी स्वतःच अख्खी खिडकीबाहेर होते. नाट्यशास्त्राचं शिक्षण झालं होतं. एकांकिका स्पर्धांत दोन उत्तेजनार्थ बक्षिसं मिळाली होती. उत्तेजनार्थ म्हणजे काय, तर तुम्ही होतात हे आम्हाला आठवतंय, एवढंच. औरंगपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत जाऊन मी फोटो काढून घेतले होते. फोटोवाला म्हणाला, हसा. मग म्हणाला, गंभीर व्हा. मग जरा विचार करून म्हणाला, आता गंभीर हसा. त्या तिसऱ्या फोटोत मला दाढ दुखत असल्यासारखं दिसतं. पाकिटात घालून मी तोच सगळीकडं दिला.

मुंबईला जाऊन यायचे ते दिवस आता धुक्यातले वाटतात. एक लांबलचक बोळ, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच पोरी, प्रत्येकीच्या ओठांची हालचाल चाललेली, कारण प्रत्येकीला तोच कागद पाठ करायचा असे. आत गेलं की कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं, उंची सांगायची, डावी बाजू दाखवायची, उजवी दाखवायची, हात पुढून आणि मागून. पुष्कळदा तेवढ्यावरच काम संपे. दारातल्या माणसानं नुसती नजर टाकून "नॉट फिट" म्हटलं की तेवढंही नाही. आपल्याकडं मुलगी बघायला येतात, ते नकार देतात, पण निदान पोहे तरी खाऊन जातात. इथं तेही नव्हतं. मला नकाराचं दुःख व्हायचं नाही, मला कुणी नीट पाहिलंच नाही याचं व्हायचं. परत येताना बसच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसायचा, त्यातून मागं पळणारी शेतं दिसायची, आणि वाटायचं, आपण आहोत तरी का इथं?

दर खेपेला मी निघाले की आई दारात यायची. "सांभाळून जा" यापलीकडं ती काही बोलायची नाही. हातातली सैल बांगडी वर सरकवून उभी राहायची, जणू मी वळणाआड गेल्याबरोबर तिला ढीगभर भांडी घासायला बसायचं होतं. माझं लक्ष रिक्षा मिळते का याकडं असायचं.

त्या दसऱ्याला मी अण्णांच्या हातात आपट्याचं पान ठेवून पाया पडले. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते आणि घरातही प्रत्येक गोष्टीला मुदत घालायची त्यांची सवय होती. पान खिशात ठेवत ते म्हणाले, "अशू, संक्रांतीपर्यंत बघ. कुणाच्या नजरेत भरलीस तर मुंबईला खोली बघायला मी सोता येतो तुझ्यासंगं. नायतर शाळेची ती जागा हाय, तिथं रुजू व्हायचं. मग रडायचं नाय."

"आणि तुम्ही टोमणे मारायचे नाहीत."

"नाय मारणार."

आई तिथंच बसून सीताफळं गव्हात पुरत होती. आमच्या दोघांकडं न बघता ती म्हणाली, "डोळे उघडले की काढायचं. रोज दाबून दाबून बघितलं की फळ नासतं." ती फळाबद्दलच बोलत असावी. आईला सूचक वगैरे बोलायची सवय नाही.

आणि दिवाळीनंतर लगेच वेरूळला शूटिंगवाले आले. गावापलीकडच्या माळावर त्यांनी एका खेड्यातल्या घराचं दार आणि ओसरी उभी केली होती. मागं घर नव्हतं, नुसते बांबू होते. आम्ही नाट्यशास्त्राच्या पोरी गर्दीत तरी काम मिळेल म्हणून गेलो. लिंबाखाली टेबल मांडून एक माणूस बसला होता. त्याच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. त्यानं माझी उंची मोजली, खांद्यापर्यंतची वेगळी मोजली, मग एक रंगीत फोटो माझ्या गालाशी धरून मागं सरकून बघितलं. मी घसा साफ केला. एक करुण आणि एक विनोदी असे दोन उतारे मी तयार ठेवले होते.

"नको नको, बोलायचं काही नाही," तो म्हणाला. "मॅडमसोबत काम आहे. उद्या सकाळी सहाला दिल्ली गेटला जीप येईल."

मॅडम म्हणजे नायिका. मॅडमसोबत काम! मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि शेजारच्या कुलकर्णी काकूंना सांगितलं. काकूंना सांगितलं म्हणजे हर्सूलमध्ये वेगळी दवंडी द्यायची गरज राहत नाही. काकू मला बघायला आल्या, जणू कालपर्यंत मी दुसरीच कुणी होते. "बहिणीचंच काम असणार बघ," त्या माझी हनुवटी धरून म्हणाल्या. "नाक सेम हाय." अण्णा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मला माझं काम कळलं.

एस.टी.त आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. रुमालाला कुठं जायचं नसतं. ज्याला जायचं आहे तो चढेपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये, एवढंच त्याचं काम. मी तो रुमाल होते. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारलेली असायची. मॅडमच्या उंचीची, मॅडमच्या रंगाची, मॅडमसारख्याच लुगड्यातली मी त्या फुलीवर उभी राहायची. मग कॅमेऱ्यामागचे साहेब माझ्या तोंडावर उजेड लावून घ्यायचे. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. सगळं मनासारखं झालं की कुणीतरी ओरडायचं, "हं, डमी बाजूला!" मी फुलीवरून उतरायची, मॅडम सावलीतल्या खुर्चीवरून उठून यायच्या, फुलीवर उभ्या राहायच्या, आणि मग कॅमेरा सुरू व्हायचा. मॅडमना तोवर उन्हात उभं राहायला लागू नये म्हणून मी होते. माझं नाव त्या माळावर कुणाला ठाऊक नव्हतं. डमी म्हटलं की मी वळायला शिकले.

पहिल्या दिवशी जीपमध्ये तोंड फिरवून रडले. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणाले, "छान. खूप वेळ उभी होते कॅमेऱ्यासमोर." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच पुढं ते दुरुस्त करता आलं नाही.

सोडून द्यायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सहाला मी दिल्ली गेटला उभी होते, तिसऱ्या दिवशीही. एक तर संक्रांत लांब होती. आणि दुसरं कारण सांगायला अवघड आहे. त्या उजेडाची मला चटक लागली.

सकाळची जीप दौलताबादचं वळण घ्यायची तेव्हा रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या मांडत असायच्या. खुलताबादच्या घाटात धुकं असायचं, इतकं की पुढचा दिवा तेवढा दिसायचा. माळावर पोचलो की गवत ओलं, खडक ओला, आणि मग सूर्य वर यायचा. मी फुलीवर उभी राहायची. आधी पायाला ऊन लागे, मग गुडघ्यापर्यंत चढे, मग पोट, मग गळा. चेहऱ्यापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागायचा आणि तेवढा वेळ माळावरचे सगळे लोक, निदान काही क्षण, माझ्याकडंच बघत असायचे. ते मला बघत नव्हते, माझ्यावरचा उजेड बघत होते. पण तो फरक लक्षात ठेवणं दरवेळी जमत नाही.

उजेड धरायला हनीफचाचा होते. शहरातलेच. आयुष्यभर लग्नांची रोषणाई केलेली आणि लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या तोंडावर दिवा धरलेला. इथं ते थर्माकोलची पांढरी पाटी धरून उन्हाचा उलटा उजेड माझ्या गालावर पाडायचे. त्यांचे हात जराही हलत नसत.

"डावीकडं थोडं, बेटा. हां. हिलू नक्को," ते म्हणायचे. "धूप को बुलाना पडता. जल्दी की तो भागती."

"चाचा, पण मी कुठं दिसणार आहे?"

"मेरे कू तो दिखती ना," ते म्हणायचे आणि पाटी किंचित कलती करायचे.

त्यांनीच मला शिकवलं, की मान किती वळवली म्हणजे डोळ्याखालची सावली जाते, आणि हनुवटी खाली घेतली की कपाळ कसं उजळतं. मॅडम आल्या की मी हळूच सांगायची, "ताई, टाचेखाली खडा आहे," किंवा "इथं वारा येतो, पदर धरून ठेवा." आणि हातातली बांगडी काढून त्यांना द्यायची. वेशभूषेत एक सैल पितळी बांगडी होती, तशी दुसरी मिळाली नव्हती. पितळ चमकतं म्हणून उजेड लावताना ती माझ्या हातात लागायची आणि शूटिंगच्या वेळी त्यांच्या. दिवसातून कितीतरी वेळा ती बांगडी माझ्या हातातून त्यांच्या हातात जायची.

सीताफळं संपली, बोरं आली, हुरडा आला. जेवणाच्या सुट्टीत गावातलं कुणीतरी शेकोटीवर कणसं भाजायचं आणि आम्ही तळहातावर चोळून, फुंकर मारून खायचो. ते दिवस कुठून कुठं गेले हे मला नीट लावता येत नाही. सगळा हंगाम एकच लांब दुपार असल्यासारखा आठवतो, आणि त्या दुपारच्या मधोमध मी उभी असते.

त्या दुपारीत एक प्रसंग मात्र वेगळा, कडा असलेला आहे. चित्रपटातल्या बाईचा धाकटा भाऊ घर सोडून शहराकडं निघतो आणि ती ओसरीवर उभी राहून बघते, असं त्या दिवशी होतं. संवाद नव्हता. भाऊ पायवाटेनं किती लांब गेल्यावर कॅमेरा कसा फिरवायचा हे ठरत नव्हतं, म्हणून साहेब म्हणाले, "डमीला एकदा पूर्ण करू दे. कुठं बघायचं, कधी वळायचं, सगळं."

पूर्ण करू दे! दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी करायला सांगितलं होतं. पायवाटेनं एक माणूस पाठमोरा चालत गेला. मी त्याच्याकडं बघितलं. रडायचं मी ठरवलंच नव्हतं. तो लहान होत गेला आणि माझ्या हातानं आपणहून ती बांगडी मनगटावरून वर सरकवली, कोपराच्या दिशेनं, घट्ट बसेपर्यंत, आणि तशीच ठेवली. मग मी वळून घराच्या दाराकडं गेले, ज्याच्या मागं घर नव्हतं.

माळावर नेहमी गोंगाट असतो. कुणी दोरी ओढतंय, कुणी चहा मागतंय. तेव्हा काही नव्हतं. चाचांच्या हातातली पाटी हलली, उजेड दारावरून निसटला आणि परत आला. साहेब म्हणाले, "हं. ठीक. डमी बाजूला." कॅमेरा सुरू नव्हता. तो कसा असणार?

मॅडम खुर्चीवर बसून बघत होत्या. त्या आल्या, मी बांगडी काढून दिली. वर चढवलेली असल्यामुळं ती निघायला जरा वेळ लागला. भाऊ पुन्हा पायवाटेनं निघाला. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं आणि बांगडी वर सरकवली, कोपराच्या दिशेनं, घट्ट बसेपर्यंत. दिग्दर्शक उठून उभे राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पाण्याच्या पिंपामागं जाऊन उभी राहिले. मला राग आला होता. असा राग त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं. मी सरकवताना बांगडीकडं बघितलं होतं. त्यांनी बघितलं नाही. त्यांची नजर पायवाटेवरच राहिली. हे मला दिसलं, कारण मला त्यातलं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त लागलं.

चाचा पाणी प्यायला आले. पेला धुऊन ठेवत म्हणाले, "मैं देखा ना, बेटा. पहले किसने किया, सब देखा."

"मग सांगा ना कुणाला तरी."

त्यांनी दुसरा पेला उचलला आणि तोही धुवायला घेतला. थर्माकोलची पाटी धरणाऱ्याचं कोण ऐकणार, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मॅडमचं काम संपलं, म्हणजे माझंही. त्या गाडीत बसताना मला बघून थांबल्या. वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "तू उभी राहून गेलीस ना, की त्या फुलीवरची जमीन पायाला गरम लागायची. थंडीत बरं वाटायचं गं." आणि गेल्या. त्या मनापासून बोलल्या होत्या. इतक्या दिवसांत माझ्याबद्दल त्यांच्या लक्षात आलेली ती एक गोष्ट होती आणि मी ती अजून टाकून दिलेली नाही.

संक्रांतीला अण्णांना तिळगूळ दिला. त्यांनी काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. कबूल केल्याप्रमाणं मी शाळेत रुजू झाले आणि कबूल केल्याप्रमाणं रडले नाही.

पुढं वर्ष-दीड वर्षानं तो चित्रपट शहरात लागला. मी घरात बोलले नव्हते, पण काकूंनी पेपरात जाहिरात बघितली. आमची निम्मी गल्ली निघाली. आईनं ठेवणीतली साडी नेसली. अण्णांनी चष्मा दोनदा पुसला. मला रिक्षातच सांगून टाकायचं होतं, की यात मी कुठंच नाही. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा रस्त्यातल्या दुकानांबद्दल काहीतरी बोलले.

अंधार झाला. गर्दीचा प्रसंग आला की काकू ओरडायच्या, "ती बघा अशू! लाल लुगड्यातली!" मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणायचं, "नाय हो, ती नाय, ती म्हातारी हाय." मग बाजारात शोधलं, जत्रेत शोधलं, विहिरीवर शोधलं. हळूहळू शोधणं थंडावलं. माझे कान तापले होते. अण्णा पडद्याकडं इतके रोखून बघत होते, की मला त्यांच्याकडं बघवेना.

मग ती ओसरी आली. भाऊ पायवाटेनं निघाला. मॅडमचा चेहरा मोठा होत होत सगळा पडदा व्यापून राहिला, त्यावरचं ऊन मी ओळखलं, ते माझ्या गालावर लावून घेतलेलं ऊन होतं. मग हात दिसला. बांगडी वर सरकली.

"अगं बाई!" शेजारून आई एकदम म्हणाली. "ही तर अशू!"

"कुठंय? कुठंय?" अण्णा पुढं वाकले. काकूही उठल्या.

"ही काय. आता केलं बघा. लहानपणापासून खोडच हाय तिची ती. मनाला लागलं की बांगडी वर सारती." आईनं अंधारात माझा हात धरला. "व्हय ना गं? तू शिकवलंस तिला?"

मी आईच्या दुसऱ्या हाताकडं बघत होते. तो तिच्या मांडीवर होता. पडद्यावरच्या उजेडात मला स्पष्ट दिसलं. तिची सैल बांगडी मनगटावर नव्हती. ती वर, पार वर, घट्ट बसलेली होती.

मी मुंबईच्या बसला निघाले की दारात उभी राहणारी आई मला तिथं, त्या खुर्चीत, पहिल्यांदा दिसली. भांडी घासायला म्हणून ती बांगडी कधीच वर गेली नव्हती. दीड वर्ष मी मनात एक फिर्याद घेऊन फिरत होते, की माझी गोष्ट दुसरीनं उचलली आणि जगात कुणालाही ते दिसलं नाही. मी ती कुठून उचलली होती? मला कुणी बघत नाही म्हणून मी काचेतल्या चेहऱ्याजवळ रडत होते, आणि जी मला दर खेपेला वळणापर्यंत बघत राहायची, तिच्याकडं मी एकदाही वळून बघितलं नव्हतं. मला लाज वाटली. आणि आईला तर हे माहीतच नव्हतं. तिला पडद्यावर ती स्वतः दिसलीच नाही, तिला फक्त मी दिसले.

चित्रपट संपला. बाहेर येऊन अण्णा थोडे हिरमुसून म्हणाले, "मला तर तू काय दिसली नाय गं."

"व्हती की," आई म्हणाली. "तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

घरी आल्यावर अण्णांनी चपला काढता काढता, माझ्याकडं न बघता विचारलं, "अजून एक हंगाम बघतीस का?" मी नको म्हणाले. शाळेचं कारण सांगितलं, मुलांची परीक्षा आहे वगैरे. खरं सांगायचं तर मी भ्याले होते. त्या बोळात परत उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती. अण्णा गेले त्याला आता चार वर्षं झाली. त्यांना हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न दरवर्षी या उन्हाबरोबर येतो, थोडा वेळ बसतो, आणि उन्हाबरोबरच उठून जातो. मीही त्याला फार आग्रह करत नाही.

आज सकाळी आईची पट्टी निघाली. काळा चष्मा मिळाला, थेंब मिळाले, वाकायचं नाही अशी ताकीद मिळाली. दुपारी ती स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीकडच्या खुर्चीत येऊन बसली. मी कोठीतून सीताफळं काढली. डोळे उघडलेली वेगळी केली, बाकीची परत पुरली. ओट्याला टेकून फळ फोडत होते. चार वाजायला आले होते.

"अशू," आई म्हणाली, "जरा डावीकडं सरक बरं. तोंड अंधारात हाय तुझं."

मी सरकले. ऊन उजव्या गालावर आलं.

"अजून थोडं. हां." तिनं काळा चष्मा कपाळावर चढवला. चढवायचा नव्हता, तरी मी चढवू दिला. बराच वेळ ती बघत राहिली. आजवर मला कुणी असं आणि इतका वेळ बघितलं नसेल. "कानापाशी केस पिकले की गं तुझे," ती म्हणाली. "आणि गालावर तीळ हाय, तो मी इसरूनच गेले व्हते. किती दिवसांनी दिसतीस."

"चहा टाकू का?"

"नको. हलू नको. बघू दे."

मी हलले नाही. हातात अर्धं सीताफळ तसंच होतं, बोटांवरून रस ओघळत होता. जुन्या सवयीनं कान तेवढे पाठीमागं लागले होते, आता कुणीतरी ओरडेल, डमी बाजूला, आणि मला उतरून ही जागा द्यावी लागेल. कुणी ओरडलं नाही. ऊन हळूहळू गालावरून गळ्यावर आलं, खांद्यावर आलं, आणि आई बघतच होती.